अर्ध्यावर थांबलेला पूल

हेमा उजवीकडचा बाण दाबत होती आणि पडद्यावरची चौकट जागची हलत नव्हती. टक, टक, टक. मी शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आधी वाटलं, कीबोर्डात कचरा अडकला असेल. उठलो, कीबोर्ड उलटा करून झटकला, फुंकर मारली. बिस्किटाचा चुरा तेवढा पडला. पुन्हा बाण दाबून बघितला. चौकट तिथंच.

"थांब जरा, मला बघू दे," मी म्हणालो.

वरची अक्षरं बघितली. ए, बी, सी करत करत कॉलम आय-व्हीपर्यंत आले होते आणि आय-व्हीच्या पुढं काही नव्हतंच. नुसती करडी पट्टी. कॉम्प्युटरचा कागद संपला होता.

"कॉलम संपले गं," मी म्हणालो. "इथून पुढं जागाच नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं आणि ते उजवीकडं नेत नेत पार भिंतीपर्यंत नेलं. बोलता येत असतं तर म्हणाली असती, "जागा नाही म्हणजे काय? करा की." जन्मभर ती मला 'करा की' म्हणत आली आणि मी करत आलो. पण कॉम्प्युटरला कॉलम जोडायचे कसे, हे मला कुठं ठाऊक होतं?

तिनं पुन्हा दोन-चारदा बाण दाबला. मग माउस बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडं करून बसली. त्या दिवशी जेवलीही नाही धड.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा नुकता निवृत्त झालो होतो. सगळी नोकरी जमिनीच्या मोजणी खात्यात गेली. कुणाची हद्द कुठं, कुणाचा बांध कुणी कोरला, हे लोकांना दाखवत हिंडायचं. आता बायकोला घेऊन जरा फिरू, असं मनात होतं, तर ऐन गणपतीत हेमाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पायात पुढं थोडा जीव आला, भिंत धरून ती चालायला लागली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तसा पडून असायचा. समजायचं तिला सगळं, अगदी भाजीवाल्यानं वजनात मारलेलंसुद्धा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. मला हाक मारायची तर वाटीवर चमचा वाजवायची. 'अहो' ऐकायची सवय असलेल्या माणसाला त्या वाटीच्या आवाजाची सवय करून घ्यावी लागली.

आणि हात म्हणजे कुणाचा, तर हेमाचा. तिचं दसुतीचं भरतकाम, कापडाचे चौकोन मोजून टाके घालायचं, अख्ख्या गल्लीला माहीत. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, टीव्हीचं झाकण, एवढंच काय, आमचा मुलगा शिरीष बंगळूरला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडं टाकून गेला, तर त्यालाही तिनं राघू-मैनेचं झाकण भरून घातलं. झटक्यानंतर मी एकदा तिच्यापुढं सुई-दोरा ठेवला. तिनं तो बघितला आणि डोळे मिटून घेतले. परत ठेवायची हिंमत केली नाही मी.

कॉम्प्युटरवर मी किरकोळ खासगी मोजणीची क्षेत्रफळं काढायचो. शिरीषनं हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं, त्यात चौकोन बारीक बारीक करून मी प्लॉट आखून बघायचो. असाच एक कोरा तक्ता उघडा होता, हेमा येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. किती तरी वेळ त्या चौकोनांकडं बघत राहिली. दसुतीचं कापडच की ते. मग डावा हात पुढं केला. मी माउस डावीकडं ठेवून दिला, रंगाची बादली कुठं आहे ते दाखवलं, आणि तिनं एक चौकोन लाल केला. तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आलो.

तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की ती तिथं. मी पार डावीकडच्या कोपऱ्यापासून तिला सुरुवात करून दिली होती. आधी एक पत्र्याची शेड आली, करड्या रंगाची, आत दोन काळ्या आडव्या पट्ट्या. मग पिंपळ. मग पायऱ्या. मग दगडी कमान, आणि तिच्या शेजारी दुसरी कमान. एक कमान नक्कल करून पुढं चिकटवायची कशी, हे मी शिकवलं तर बाईंनी सटासट चिकटवल्या. खाली निळं पाणी. आमच्या गावचा जुना पूल तो. ज्यानं अख्खं गाव साखळी टाकून मोजलं, त्याला गावचा पूल ओळखू येणार नाही होय?

पुलावर एक बाई होती. हिरवं लुगडं, लाल पोलकं, मानेवर अंबाडा, हातात पिशवी. तोंड उजवीकडं. ती कोण, हे विचारायची गरज नव्हती.

आणि बरोब्बर नदीच्या मध्यावर, दोन कमानींच्या जोडावर, कॉलम संपले.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या कस्तुरेबाई आल्या. वयानं लहान, पण बोलणं एकदम हेडमास्तरीणबाईंसारखं. हेमा भिंतीकडं तोंड करून बसलेली बघून त्या मला बाहेर घेऊन आल्या.

"काय झालं काका?"

मी सांगितलं.

"मग पुढचं सॉफ्टवेअर आणा. नवीन निघालंय म्हणतात."

"बघतो."

"बघतो नाही. त्या आता कुठं मनानं उभ्या राहिल्यात. हे बंद पडलं ना, तर मी रोज येऊन त्यांचा हात वर-खाली करीन, पण तो हात माझा होईल, त्यांचा नाही. समजतंय का मी काय म्हणते ते?"

"समजतंय हो," मी म्हणालो. समजत होतंच. तरी माझा पाय उचलत नव्हता. दुपारी इरफानच्या दुकानापर्यंत गेलो, बाहेरून बघितलं, गर्दी आहे असं मनाशी म्हटलं आणि परत आलो. खरं तर दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. घरी येऊन चहा केला, तो न पिताच पुन्हा बाहेर पडलो. पोस्टापर्यंत जाऊन आलो. पोस्टात काही काम नव्हतं.

शेवटी एकदाचा दुकानात शिरलो. इरफान मुजावर म्हणजे आमच्या शिरीषचा वर्गमित्र, स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आणि क्लास.

"काका, तुमचंय ते जुनं झालं," तो म्हणाला. "नवीन व्हर्जनला कॉलमच कॉलम. चालत राहा, संपत नाहीत."

"फुकटातलं नाही का काही?"

"आहे एक, पण त्याचेही कॉलम तुमच्याएवढेच. आणि कॉपी टाकून देऊ म्हणाल तर..."

"नको. जन्मभर सरकारी शिक्के मारले, आता चोरीचा माल कशाला?"

"वाटलंच मला," तो हसला. "मग विकत घ्या. पण एक सांगतो. मशिनीत मेमरी वाढवावी लागेल. आणि सगळी बटणं हलवलीत त्यांनी. मेनू गेला, वर पट्टा आलाय. माझी क्लासची पोरं बोंबलतायत, कुठं काय ठेवलंय सापडत नाही म्हणून."

मला तेच हवं होतं. घरी येईपर्यंत माझी कारणं तयार. महाग आहे. मशीन जुनं आहे. बटणं हलवलीत, तिला रंगाची बादली सापडली नाही तर आहे तेही जाईल. एकेक कारण लाखमोलाचं. संध्याकाळी शिरीषचा फोन आला तेव्हा मी ती सगळी त्याला ऐकवली.

"बाबा, एवढ्यासाठी नवीन घ्यायचंच कशाला?" तो म्हणाला. "खाली दुसरी शीट आहे ना? उरलेलं चित्र तिच्यावर काढायला सांगा. मी आल्यावर दोन्ही प्रिंट जोडून देतो."

"तू येणार कधी?"

"मार्चएंड होऊ दे. बघतो."

बघतो म्हणायची सवय त्यानं कुठून उचलली, हे मी कुणाला विचारणार?

दुसऱ्या शीटची कल्पना मात्र मला पटली. खात्यात आम्ही तसंच करायचो. गाव मोठं असलं आणि एका कागदावर मावलं नाही की दुसरा कागद घ्यायचा, कडेला कड जुळवायची. सकाळी हेमाला मोठ्या उत्साहानं बोलावलं. कोरी शीट उघडली. "हे बघ, इथून पुढचं काढ. ही डावी कड म्हणजे तिथली उजवी कड. कळलं?"

तिनं मान हलवली. माउस घेतला. मी खूश होऊन आत भाजी चिरायला गेलो. परत येऊन बघतो तर तिनं पत्र्याची शेड काढली होती. शेडच्या आत दोन काळ्या पट्ट्या. आणि पिंपळाची सुरुवात.

"अगं, हे नाही. हे झालंय की. पुलाचं पुढचं काढ."

तिनं पुन्हा मान हलवली आणि पिंपळाला फांदी काढली. तिच्या लेखी नवं कापड म्हणजे नवी सुरुवात. जुन्या कापडावरचा पूल नव्या कापडावर मधूनच कसा उगवेल? थोड्या वेळानं तिचं तिलाच जाणवलं असावं. ती थांबली. पहिल्या शीटवर गेली, पार उजव्या कडेला जाऊन बाण दाबत बसली. टक, टक, टक. मग वाटी घेऊन त्यावर चमचा मारायला लागली. मी शेजारीच होतो, तरी मारतच राहिली.

"आहे ना मी इथं, हेमा. इथंच आहे."

तिनं चमचा फेकून दिला. उभ्या आयुष्यात तिनं कधी भांडं आपटलं नव्हतं. तो चमचा कपाटाखाली गेला आणि मी तो काढायच्या निमित्तानं जमिनीवर बराच वेळ ओणवा राहिलो. तिच्याकडं बघवत नव्हतं.

त्या दिवशी मी पुन्हा इरफानकडं गेलो. काय करायला गेलो हे मलाच माहीत नव्हतं. त्याच्या काउंटरवर पडलेल्या सीड्या एकावर एक रचत बसलो, पाडत बसलो.

"काका," तो म्हणाला, "दोनदा आलात, पण घ्यायचं नाव नाही. शिरीषनं मला फोन करून सांगितलंय, बाबांना लागेल ते दे, मी बघून घेईन. म्हणजे पैशाचं नाही. मशिनीची मेमरी मी घालतो. मग अडलंय कुठं?"

"बटणं हलवलीत म्हणालास ना."

"ती मी शिकवीन काकूंना. खरं सांगा."

मी सीड्या रचल्या. मग म्हणालो, "इरफान, पुलापलीकडं काय आहे?"

"पुलापलीकडं? काय, वीटभट्टी आहे, आणि..." तो थांबला.

"आणि?"

"आणि तुमच्या लोकांचं स्मशान."

आमच्या गावात माणूस गेला की गेला असं कुणी म्हणत नाही. 'पूल ओलांडला' म्हणतात. सकाळी दारात कुणी येऊन सांगतं, अमक्याच्या आईनं पूल ओलांडला, की समजायचं आणि टोपी चढवून निघायचं. माझे आई-वडील दोघंही त्याच पुलावरून गेले. मी खांदा दिलाय. पुलावर खांदेकरी एकदा थांबतात, खांदा बदलतात आणि मग पुढं.

"चित्रात बाई आहे," मी म्हणालो. "तीच आहे. डावीकडं आपलं गाव, घाट, पिंपळ. आणि ती उजवीकडं निघालीय, पिशवी घेऊन. मला वाटतं तिला कळलंय काहीतरी. बोलता येत नाही म्हणून काढून दाखवतेय. आणि मी तिला पुढचा रस्ता विकत आणून देऊ? माझ्या हातानं? कॉलम संपलेत तोवर ती थांबलीय, इरफान. मला भीती वाटते रे."

पोरासमोर रडणं म्हणजे. मी रुमाल काढून चष्मा पुसायला लागलो.

इरफाननं मी रचलेल्या सीड्या उचलून बाजूला ठेवल्या. क्लासच्या खोलीत कुणीतरी टाइप करत होतं, तेवढाच आवाज.

"काका, काकू आत्ता कुठं उभ्या आहेत?" त्यानं विचारलं.

"सांगितलं ना, मध्यावर."

"खाली पाणी?"

"खाली पाणी."

"मागं वळतात का?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांना थांबवून ठेवलंत म्हणता, ते नदीच्या मधेच ना? तिथं बरं वाटत असेल का त्यांना?"

मला चमचा आठवला. कपाटाखाली घरंगळत गेलेला. उठलो, दुकानाबाहेर आलो, उसाच्या गुऱ्हाळापर्यंत चालत गेलो, तिथून परत फिरलो आणि दारातूनच म्हणालो, "संध्याकाळी येऊन घालून दे."

संध्याकाळी तो आला. मशिनीचं पोट उघडून मेमरी घातली, नवीन सॉफ्टवेअर चढवलं. हेमा खुर्चीत बसून सगळं बघत होती, ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात ना माणसं, तशी. त्यानं तिची फाइल उघडली. ती उजव्या कडेला गेली. बाण दाबला.

चौकट हलली नाही.

"अरे, हे काय?" माझा आवाज चढला. "एवढं करून कॉलम तेवढेच?"

"थांबा काका, थांबा. फाइल जुन्या पद्धतीची आहे, म्हणून जुनीच चाल चालतेय. नव्या पद्धतीनं ठेवू तिला." त्यानं काहीतरी केलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. "आता दाबा काकू."

टक. आय-व्हीच्या पुढं आय-डब्ल्यू आला. टक. टक. टक. पांढरे चौकोन उजवीकडून येतच राहिले. हेमानं बाणावरचं बोट उचललं आणि इरफानकडं बघून डोळे मिटले, देवाला नमस्कार करताना मिटतात तसे. तो बिचारा लाजून वायरी गुंडाळायला लागला.

रंगाची बादली खरंच हलली होती. तिला ती सापडेना. माउस वरच्या पट्ट्यावरून इकडून तिकडं फिरायला लागला. मग मलाच सुचलं. आरशावर चिकटवलेली तिची एक टिकली काढून आणली आणि पडद्यावर बादलीच्या बरोबर वर लावली. "कुंकवाखाली रंग आहे," मी म्हणालो. ती हसली, तोंडाच्या एका बाजूनं का होईना. इरफान म्हणाला, "काका, ही युक्ती आता क्लासला लावतो."

पुढचे दिवस माझा पाय घरात ठरला नाही. ती पडद्यासमोर बसली की मी बाहेर. कुंड्या हलवल्या, परत होत्या तिथं ठेवल्या. गेटाला निळा रंग दिला, नसता दिला तरी चाललं असतं. टाकी धुतली. शेजारचे विचारायचे, "काय मोजणीवाले, घर विकायला काढलं की काय?" मी काहीतरी थातूरमातूर सांगायचो. आत जाऊन तिला गोळी द्यायचो, पाणी द्यायचो, पण पडद्याकडं पाठ. ती खिडकीतून माझ्याकडं बघायची. माझा जीव वाटीच्या आवाजाला टांगलेला. वाजली तरी धसका, नाही वाजली तरी धसका.

वाजली ती एका सकाळी, मी पपईच्या झाडाखालची पानं गोळा करत होतो तेव्हा. संथ वाजली, तीनदा. पूजा झाल्यावर घंटा वाजवतात तशी.

मी आत गेलो. हातातली पानं टाकायचंसुद्धा सुचलं नाही.

पूल पलीकडं पोचला होता. मी मन घट्ट करून बघितलं. पुलाच्या टोकाला चढ होता, चढावर रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी एक घर. बसकं, पिवळं. गच्चीवर काळी टाकी. बाजूला उंच, सडपातळ झाड, शेंड्याशी पपया लागलेल्या. आणि पुढं निळं गेट. मी परवा रंग दिला त्याच निळ्या रंगाचं.

"हे तर आपलं घर," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. अर्थातच, अशी.

"पण आपलं घर इकडं कसं? पलीकडं तर..." माझं बोट हवेत राहिलं.

मी तिच्याकडून माउस घेतला आणि चित्र मागं नेलं. घर गेलं, चढ गेला, कमानी गेल्या, हिरव्या लुगड्यातली बाई गेली, पायऱ्या, पिंपळ, आणि पार डावीकडं पत्र्याची शेड. आत दोन काळ्या आडव्या पट्ट्या. मी त्यांना घाटावरची बाकं समजत आलो होतो. कपडे बदलायच्या शेडमधली. आमच्या काठाला तशी शेड आहे. पण पलीकडच्या काठालाही आहे, पिंपळ आणि पायऱ्यांसकट, आणि तिच्यात बाकं नाहीत. लोखंडी चौकटी आहेत, चितेची लाकडं रचायच्या.

खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात, नकाशा कुठलाही असो, उत्तर वर. तशा नकाशात आमचं गाव डावीकडं येतं आणि स्मशान उजवीकडं. जन्मभर मी गाव तसंच पाहिलं. हेमानं कधी नकाशा हातात घेतला नाही. ती पुलाच्या वरच्या अंगाला धुणं धुवायची, पाण्यात उभी राहून, दक्षिणेला तोंड करून. तिथून पुलाकडं बघितलं की स्मशान डाव्या हाताला आणि गाव उजव्या हाताला. तिचा पूल तिथून दिसणारा होता.

ती जात नव्हती. ती परत येत होती. गणपतीपासून ती तिकडून निघाली होती, आणि मी तिला मध्यावर अडवून धरलं होतं.

मी तिच्या उजव्या अंगाला खुर्ची ओढून बसलो. पानं अजून माझ्या मुठीत होती. ती तिनं बघितली आणि कपाळाला आठी घातली, म्हणजे कचरा घरात आणलात. मी ती खिशात घातली. मला हसू येत होतं आणि नाक गळत होतं.

तिनं माउस घेतला आणि चित्र पुलाच्या मध्यावर आणलं. बाईभोवती चौकट ओढली. मग वरच्या पट्ट्यावर काहीतरी शोधायला लागली. मी टिकलीकडं बोट केलं, तर ती मान हलवून नाही म्हणाली. तिला कात्री हवी होती. ती सापडायला तिला टिकली लागली नाही. शिवणकाम करणारी बाई ती. तिनं बाईला पुलावरून कापलं, उजवीकडं नेलं, चढावरून, रस्त्यावरून, आणि निळ्या गेटाच्या आत नेऊन ठेवलं. पिशवीसकट.

"आलीस?" मी विचारलं.

तिनं बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले, नुसता श्वास आला. मी म्हणालो, "असू दे, असू दे. कळलं मला."

मग ती पुन्हा पुलाकडं गेली, एवढं लांबलचक काम नीट झालंय का ते बघायला. कमानी एकसारख्या होत्या. पाणी निळं होतं. फक्त मध्यावर, ती बाई जिथं इतके दिवस उभी होती तिथं, तिच्या आकाराची पांढरी जागा राहिली होती. अंबाडा, खांदे, पिशवी, सगळं पांढरं.

"हे बुजवू या," मी म्हणालो. "बरं नाही दिसत." आणि बाण दाबायला कीबोर्डकडं हात नेला.

तिनं माझं मनगट धरलं. राहू दे, अशी मान हलवली. बरं, राहू दे तर राहू दे. मी हात तिथंच ठेवला आणि आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. पकड अगदी सैल होती, सोडवून घ्यायची म्हटली तर जोरही लागला नसता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तिला उठून भाव विचारायचा असेल म्हणून मी तिच्याकडं बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचा डावा हात माउसवरच आहे.